भोकाच्या पैशांच्या माळा

मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटरच्या परीक्षेची फी मी कशी भरली, हे अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात फार आहे असंही नाही. एका दिवसाची पायपीट आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूक. चूक कळायला मला पुढे महिनाभर लागला.

नवे पैसे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाजारात जुनी-नवी दोन्ही नाणी चालत होती आणि दोन्हींचा गोंधळ होता. आमचं गाव आर्णीच्या अलीकडे, रस्त्यापासून दीड कोस आत. मी यवतमाळला खोली करून राहत होतो. खोली म्हणजे एका गोठ्याला लागून असलेलं छप्पर, भाडं महिन्याला दोन रुपये. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही अडलं तर विचारायचं कोणाला, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि घरच्यांनाही.

परीक्षेची फी बावीस रुपये होती. ती मला माफ होऊ शकली असती. अर्जावर जातीचा रकाना होता. तिथे जुन्या जातीचं नाव लिहिलं असतं तर सवलत होती. मी ‘बौद्ध’ लिहिलं. ऑफिसातल्या बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “विचार करून लिहिलंय ना? मग फी भरावी लागेल.” मी हो म्हणालो. हो म्हणताना छाती भरून आली होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर बावीस रुपयांचा आकडा आठवला.

शेवटच्या तारखेच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलो. घरी आई आणि आत्या. वडील मी सातवीत असतानाच गेले. दोघी मजुरीला जातात. आत्या वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर वर्षभरातच परत आलेली. वस्तीतल्या मातामायचं गाडगं तिच्याकडे असायचं. निंबाखाली शेंदूर लावलेले चार दगड होते, तीच आमची मातामाय. दरवर्षी आषाढातल्या आखाडीला प्रत्येक घरानं मायला भोकाचे पैसे द्यायचे. लढाईच्या काळात निघालेले ते तांब्याचे पैसे, मधोमध मोठं गोल छिद्र असलेले. आत्या ते दोऱ्यात ओवायची. चौसष्ट पैशांची एक माळ, म्हणजे एक रुपया. अशा माळा गाडग्यात साठत जायच्या. साथ आली, कोणाचं घर जळलं, तर त्यातून काढायचे.

मग वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. निंबाखालचे दगड नाल्याच्या डोहात गेले. गाडगं मात्र आत्याच्या उतरंडीत तसंच राहिलं. त्यातल्या पैशांना हात लावायला कोणी तयार नव्हतं, आणि हात लावायला भितो असं कबूल करायलाही कोणी तयार नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी वस्तीतले पाच-सहा जाणते आमच्या अंगणात बसले. माझ्या फीचा विषय आईनेच काढला.

“गाडग्यात चोवीस माळा हायेत,” आत्या म्हणाली. “पोराले देऊन टाका.”

एक म्हातारा म्हणाला, “मायचा पैसा हाय. पोराले बाधला तं?”

“माय डोहात गेली ना बाप्पा. तूच उचलून नेलतं.”

“नेलतं मी. पण आपलं सांगून राह्यलो.”

“मंग आता कोन बाधवते? मासोया?”

लोक हसले. म्हाताराही हसला, पण हसताना त्याने गाडग्याकडे एकदा पाहिलंच. ठरलं. चोवीस माळा मला मिळाल्या. बावीस फीचे, एक मोटारीच्या भाड्याला, एक खोलीच्या भाड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळा पिशवीत भरायला बसलो. सहज एक मोजली, तर पासष्ट पैसे भरले. दुसरी मोजली, पासष्ट. मी आत्याला विचारलं. ती चुलीपाशी होती. तिनं मान वळवली नाही.

“वरचा एक असतेच.”

“मायचा वाटा?”

“वरचा हाय म्हनलं ना. राहू दे त्याले.”

मला वाटलं, कळलं. सव्वा रुपया, एकावन्न, एकशे एक असं वरचं देवाला द्यायची जुनी रीत असते, तसाच हा मायचा पैसा. मी तेव्हा नव्या धर्माची पुस्तकं वाचत होतो, आणि वाचलेलं सगळं ताबडतोब वागण्यात आणायची मला घाई होती. मी म्हणालो, “आत्या, आता माय नाही, मग तिचा वाटा कशाला? माळ चौसष्टाचीच पाहिजे.” आणि मी एकेका माळेची गाठ सोडून गाठीजवळचा पहिला पैसा काढून घ्यायला लागलो. सगळे पैसे हळदीने आणि धुराने सारखेच काळे झालेले होते. तेवीस माळांतून तेवीस पैसे काढले. चोविसावी माळ आत्याने माझ्या मांडीवरून उचलून घेतली.

“हे अशीच नेजो. येवढी माही आयक.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. मी ती माळ तशीच ठेवली. काढलेले तेवीस पैसे जाताना वस्तीतल्या विहाराच्या पेटीत मेणबत्त्यांसाठी टाकले, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असं समजून मोटारीच्या रस्त्याला लागलो. पिशवी तीन शेरांच्या आसपास असेल. दीड कोसात तिचे बंद खांद्यात रुतले.

मोटारीच्या कंडक्टरने माळ हातात घेऊन खुळखुळवली. “वा भाऊ, लगीन हाय का कोनाचं?” त्याला सुट्ट्यांची गरज होती. त्याने न मोजता माळ थैलीत टाकली. मला बरं वाटलं. म्हटलं, सगळीकडे असंच होईल.

साडेअकराला मी कॉलेजच्या खिडकीसमोर उभा राहिलो. फी भरायची ती शेवटची तारीख होती, चार वाजेपर्यंत. नंतर पाच रुपये दंड. दंड भरणं शक्य नव्हतं, म्हणजे चारनंतर वर्ष गेलं असतं. आणि वर्ष गेलं असतं तर मला पुन्हा पाठवायची घरची ताकद नव्हती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं.

मी बावीस माळा खिडकीच्या फळीवर ठेवल्या. बाबूंनी एक माळ उचलून पाहिली.

“हे काय?”

“फी आहे, सर. बावीस रुपये.”

“हे चालत नाही.”

“जुने पैसे अजून चालतात, सर.”

“चालतात. पण इतके नाही.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अरे, कायदा आहे. आठ आण्याच्या खालची नाणी एका रुपयापर्यंतच घ्यायला माणूस बांधलेला आहे. त्याच्या वर घेणं न घेणं घेणाऱ्याची मर्जी.”

मला ते खरं वाटेना. सरकारने पाडलेला पैसा सरकारच नको म्हणू शकतं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मी भीत भीत म्हणालो, “कुठे लिहिलंय ते वाचायला मिळेल का?”

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी मागच्या फायलीतून एक छापील कागद काढला आणि खिडकीतून पुढे केला. इंग्रजीत होता. मी दोनदा वाचला. ते म्हणाले तसंच होतं. रुपया कितीही चालेल. लहान नाणी मात्र फक्त एका रुपयाच्या रकमेपर्यंत कायदेशीर. त्यात फसवणूक नव्हती, माझ्याविरुद्ध काही नव्हतं. कोणी धनको बैलगाडीभर पैसे ओतून छळला जाऊ नये म्हणून तो नियम असावा, असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच वाटलं की आमच्या वस्तीने इतक्या वर्षांत साठवलेल्यातला एक रुपया तेवढा खरा, बाकी माझ्या खांद्यावरचं नुसतं ओझं.

“सर,” मी म्हणालो, “एका वेळी एक रुपया असा बावीस वेळा भरला तर?”

मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणीतरी हसलं. “बावीस वेळा लाईनीत लाग, मंग आमचा नंबर पुढच्या साली येईन.”

बाबू हसले नाहीत. “फी एक, पावती एक,” ते म्हणाले. “मी हे घेतले तर बँक माझ्याकडून घेत नाही. मग मी कुठे जाऊ? जा, नोटा करून आण. मी चारला खिडकी बंद करतो.”

मी माळा पुन्हा पिशवीत भरल्या. ट्रेझरीत चिल्लर बदलून मिळते असं व्हरांड्यातल्या शिपायाने सांगितलं. तिथवर चालत गेलो. पैशांची खिडकी साडेबाराला बंद व्हायची आणि मी पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. तिथला माणूस उद्या ये म्हणाला. त्याची चूक नव्हती. उद्या येऊन मला उपयोग नव्हता.

मग बाजार. पहिला कापडवाला म्हणाला, जुने नको, नवे असतील तर आण. दुसऱ्याने एक माळ हातात घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली. हॉटेलवाल्याला सुट्टे हवे होते, पण दोनच रुपयांचे, आणि तेही संध्याकाळी गल्ला उघडल्यावर. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत मी धान्याच्या ओळीला आलो. तिथल्या एका किराणा दुकानदाराने मला थांबवलं. डोळे आलेले असल्यामुळे त्याने एका डोळ्यावर रुमाल धरला होता.

“किती हाय?”

“बावीस माळा. बावीस रुपये.”

“रुपयामागे आना बट्टा.”

मी हिशोब केला, एक रुपया सहा आणे जात होते. मला घासाघीस येत नव्हती, अजूनही येत नाही. दुकानात गूळ घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, “सेठ, पोट्टं रडाले आलं. अर्धा आना घ्या.”

“तू गूळ घे ना बाई.”

“घेऊनच राह्यली. अर्धा आना घ्या म्हनते.”

त्याने रुमालाची बाजू बदलली. “बरं, अर्धा.”

आत्याची न सोडलेली माळ मी पिशवीच्या तळाला वेगळी ठेवली आणि बाकीच्या बावीस त्याच्यापुढे मांडल्या. कॉलेजात एक रुपया तर चिल्लर घेतीलच, म्हणून ती वाचवली होती. दुकानदाराने पहिली माळ दोन बोटांवर घेतली आणि जप करावा तसा एकेक पैसा सरकवायला लागला. शेवटाशी त्याचं बोट थांबलं. त्याने गाठ सोडली आणि एक चकती काढून माझ्यापुढे टाकली.

“हा पैसा नाही. जिनातला वायसर हाय.”

खरंच तसं होतं. कापसाच्या जिनातल्या यंत्राला बोल्टाखाली घालतात ती पितळी चकती. काळपटलेली, पैशाएवढीच, मधे भोक. त्याने दुसरी माळ घेतली. तिच्यातही एक. तिसरीतही एक. प्रत्येक माळेत गाठीजवळ एक. तो हसायला लागला.

“कोनाचे पैसे हे?”

“मातामायचे होते.”

“मायले पन वायसर देल्ले लेकहो?” तो गूळ घेणाऱ्या बाईकडे पाहून म्हणाला. बाईही हसली. मी हसू शकलो नाही. मला आमच्या वस्तीचाच राग आला. वाटलं, देवीला फसवलं ते फसवलं, आता मलाही.

बावीस चकत्या बाजूला निघाल्या. अर्ध्या आण्याने बावीस रुपयांचे अकरा आणे बट्ट्यात गेले. चार पैशांचा आणा, म्हणजे चकत्यांचे साडेपाच आणे गेले. हातात यायला पाहिजे होते एकवीस रुपये, आले वीस रुपये साडेपंधरा आणे. दोन पैसे कमी.

“दोन पैसे सोडा ना, शेठजी.”

“तुहे सोडले तं दुसऱ्याचे काहून नाही?” तो म्हणाला. रागाने नाही, रोज तेच वाक्य म्हणणाऱ्या माणसासारखं. मग त्याने माझ्या हातातली वही पाहिली. “शिकते का तू? अक्षर बरं हाय?”

“बरं आहे.”

त्याच्या भिंतीवर आण्यांचे नवे पैसे किती, त्याचा तक्ता होता, पण उंदरांनी अर्धा खाल्लेला. त्याने मला एका खोक्याचं झाकण, दौत आणि बोरू दिला. मी गव्हाच्या पोत्यावर बसून तक्ता लिहिला. एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस, असं सोळापर्यंत. तो मागून पाहत होता.

“एका आन्याचे सहा ना? मंग सोया सक किती?”

“शहाण्णव.”

“आन रुपयाचे शंभर. मंग वरचे चार कोन खाते?”

“सव्वासहाचा आणा आहे, शेठजी. सुट्टा एक दिला तर पाव सोडतात.”

“म्हनजे एकएक देनाऱ्याचं नुकसान.”

“हो.”

“तसंच असते,” तो म्हणाला आणि मला एकवीस रुपये मोजून दिले. समोरच्या बँकेच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी खिडकीशी पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते आणि पुढे तिघे होते. माझा नंबर आला. मी नोटा ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी आत्याची माळ. बाबूंनी माळेकडे पाहिलं.

“पुन्हा?”

“एकच आहे, सर,” मी म्हणालो. “एक रुपयापर्यंत घ्यावी लागते, असं त्या कागदात होतं.”

त्यांनी गाठ सोडली आणि एकेक पैसा फळीवर मांडायला घेतला. यातही चकती असणार हे मला आता माहीत होतं. पण ही माळ मी मोजलेली नव्हती; वरचा पैसा तिच्यात नसला तर चकती निघाली की एक पैसा कमी पडणार, आणि माझ्याकडे एक पैसाही उरला नव्हता. चाळिसाच्या पुढे त्यांचा हात थांबेल असं मला दर पैशाला वाटत होतं. शेवटी चकती आलीच. त्यांनी ती नखाने उडवली. ती फळीवरून खाली माझ्या पायाशी पडली. त्यांनी मांडलेल्या ओळींवर पुन्हा बोट फिरवलं.

“चौसष्ट,” ते म्हणाले आणि पावती फाडली.

मी चकती उचलली, दोरा उचलला आणि निघालो. आनंद झाला होता असं म्हणवत नाही. खोलीवर जाऊन भिंतीला टेकलो आणि उजेड होता तोच झोपलो.

महिन्याभराने गावी गेलो. आत्या दुपारी सुपात तूर पाखडत बसली होती. मी सगळा दिवस तिला सांगितला, बट्टा, तक्ता, चकत्या. चकती तिच्यापुढे ठेवली. तिने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग खालच्या अंगाच्या एका घराकडे मान हलवली. तिथल्या बाईचा नवरा जिनात मशिनवर कामाला होता, तिथेच वारला. पदरात चार पोरं.

“तो मेल्यापासून ते हे देते. जिनातून आनून ठेवलेले असतीन त्यानं. आखाडीले सगळ्याइच्या पुढे हात रिकामा कसा काढन?”

“तुला माहीत होतं?”

“ओवतो मी. मले नाही तं कोनाले माहीत राहीन?” ती पाखडत राहिली. “एका माळेत तिचा एकच घालो. त्याच्या बाजूले माहा एक. गिनती चौसष्टच भरली पाहिजे ना. माय मोजत नव्हती. मी मोजत होती.”

गाठीजवळचा पैसा तिच्या मजुरीतला होता. तो मी मायचा वाटा समजून काढून टाकला, आणि चकत्या तेवढ्या माळेत ठेवल्या.

“तेव्हाच का नाही सांगितलं?”

“अंगनात मानसं बसले होते, सकायी तुई माय होती. कोनापुढे सांगू?” तिने सूप खाली ठेवलं. “आन तू आयकत होता का?”

मी म्हणालो, “ते तेवीस पैसे मी मेणबत्त्यांना दिले.”

“जयल्या असतीन. उजेड पडला असन.” मग तिला काहीतरी आठवलं. “मोटारवाल्याले देल्ली तेई सोडलेलीच माळ होती ना? त्यातई असन एक. भेटला तं त्याचा पैसा देऊन टाकजो.”

तो कंडक्टर मला परीक्षेच्या नंतर भेटला. पेपर झाले होते, इंग्रजीचा बरा गेला नव्हता, आणि मी सामान घेऊन गावी निघालो होतो. मी त्याला भोकाचा एक पैसा दिला आणि म्हणालो, मागे दिलेल्या माळेत एक खोटा होता, त्याचा हा.

“कोनती माळ?” तो म्हणाला. त्याला काही आठवत नव्हतं. मी सांगायला लागलो, पण मागून लोक चढत होते. त्याने पैसा थैलीत टाकला आणि म्हणाला, “बरं, पुढं सरका.”

मी पुढे सरकलो.